किती वाजता नेलं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच दुखण्याची आहेत. चोरी कुणीही करो, पोलीस आधी पारधी, वडार, कैकाडी यांच्या वस्तीवर येतात, हे ते दुखणं. म्हणून जमिनीच्या वाटण्या, वारस नोंदी, भाडेकरूंचे तंटे हे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. त्या वाचकांनी समजून घ्यावं. पत्रलेखकांची नावं-गावं मी मुद्दाम काढून टाकली आहेत.

आधी एक सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. मी कैकाडी, पेशानं वकील. इंग्रजांनी "गुन्हेगार" ठरवलेल्या जमातींना ज्यात कोंडलं त्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या आत, माझी आजी जन्मली. शेवटपर्यंत तिला दिवेलागणीला घरातली माणसं मोजायची सवय होती. एखादा नातू यायचा राहिला तर ती ताटावर बसायची नाही. आम्हाला वाटायचं, माया. माया होतीच, पण ती हजेरीही होती. सेटलमेंटमध्ये हजेरीला माणूस नसला की तो गुन्हा ठरायचा.

प्रश्न : ताई, आम्ही फासेपारधी. गावाबाहेर गायरानावर आमची पालं आहेत. माझा भाऊ २३ वर्षांचा, ऊसतोडीला जातो. गावात चोरी झाली की त्याला रात्री उचलून नेतात. वर्षात तीनदा झालं. दोनदा दोन-तीन दिवस ठेवून सोडून दिलं, कागद काहीच नाही. तिसऱ्या वेळी मंगळवारी पहाटे नेला आणि अटक दाखवली शुक्रवारी. मधे विचारायला गेले तर "आमच्याकडे नाही" म्हणाले. मी बारावी झाले आहे. पुढच्या वेळी मी काय करू?

उत्तर : "पुढच्या वेळी" असं तू लिहिलंस. ते वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी घरातल्या मुलीनं भावाच्या अटकेची तयारी करून ठेवायची, हे कुणाच्याच वाट्याला येऊ नये. पण तू विचारलं आहेस, तर नीट सांगते.

माझ्याकडे असं प्रकरण आलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, किती वाजता नेलं? का नेलं, कुणी नेलं, हे नंतर. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये ते आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ मध्येही आहे. त्यात फक्त प्रवासाचा वेळ वगळतात. घड्याळ सुरू होतं ते माणूस ताब्यात घेतल्यापासून. म्हणून अटक उशिरा "दाखवतात". तुझ्या भावाचे मंगळवार ते शुक्रवार हे दिवस कुठल्याच कागदावर नाहीत. मारहाण त्याच दिवसांत होते, "कबुली" त्याच दिवसांत येते, आणि "आरोपीने काढून दिलेला मुद्देमाल" हाही तेव्हाच ठरतो. तुझं काम एवढंच, की ती वेळ ठाण्याबाहेरच्या कुठल्या तरी कागदावर चढवायची, आणि तीही लगेच.

सगळ्यात सोपं म्हणजे ११२ ला फोन. पोलिसांविरुद्ध पोलिसांनाच फोन काय करायचा, असं तुला वाटेल. मदत येवो न येवो, त्या फोनची तारीख आणि वेळ नोंदली जाते. भावाचं नाव सांग, किती माणसं आली, साध्या वेशात होती की वर्दीत, गाडीचा नंबर दिसला असेल तर तोही सांग. लगेच जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला ईमेल कर. लांब लिहायचं नाही, चार ओळी पुरेत. मग १५१०० हा विधी सेवेचा मोफत क्रमांक लाव. सकाळ झाली की तोच मजकूर कागदावर लिहून अधीक्षक कार्यालयात दे आणि तुझ्या प्रतीवर आवक शिक्का घे. शिक्का देत नसतील तर पोस्टात जाऊन रजिस्टर पोचपावतीनं पाठव. पोस्टाच्या पावतीवर तारीख असतेच.

अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, अटकेचा पंचनामा जागेवर झाला पाहिजे, आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. याच संहितेच्या कलम ३६ मध्ये हे आहे. पुढेही नुसतं कलम म्हटलं की ते याच संहितेचं. तुझ्यासमोर असा कागद आला तर सही करण्याआधी फक्त तारीख आणि वेळ वाच. चुकीची असेल तर सही करू नकोस. करावीच लागली तर सहीच्या खाली स्वतःच्या अक्षरात खरी वेळ लिही. अटकेची कारणं लेखी आणि माणसाला कळेल अशा भाषेत द्यावी लागतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला आहे. "चल, साहेबांनी बोलावलंय" हे अटकेचं कारण नव्हे.

"आमच्याकडे नाही" असं उत्तर मिळालं की न्यायदंडाधिकाऱ्याकडे कलम १०० खाली अर्ज करता येतो. बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाचा शोध घ्या, असा आदेश त्या कलमाखाली निघतो. त्यानं भागलं नाही तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा असं सांगणारी याचिका. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे कुणी विचारत नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. रिमांडच्या आधी तिथे जा, नंतर नको.

रिमांडच्या दिवशी तू कोर्टात हजर राहा. भावाला आत्ताच शिकवून ठेव, की न्यायाधीशांनी काही तक्रार आहे का विचारलं, किंवा नाही विचारलं तरी, त्यानं तीन वाक्यं बोलायची. मला अमुक वारी अमुक वाजता घरून नेलं. मला मारलं, इथे इथे लागलं आहे. मला वकील हवा. आमची माणसं कोर्टात मान खाली घालून "काही नाही साहेब" म्हणतात, कारण परत त्याच गाडीतून जायचं असतं. ती भीती मला माहीत आहे. तरीही ही तीन वाक्यं रोजनाम्यावर आली की वैद्यकीय तपासणीला वजन येतं.

एका पोराच्या बाबतीत त्याच्या वहिनीनं पहाटे सव्वाचारला फोन केला होता. अटकेच्या कागदावर लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी रात्री नऊला बसस्टँडवरून संशयास्पद हालचाली करताना ताब्यात घेतलं. मॅजिस्ट्रेटबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला आणि तपासी अंमलदाराकडे नुसतं पाहिलं. पोलीस कोठडी (पीसीआर) मिळाली नाही. पोराला न्यायालयीन कोठडीत पाठवलं आणि आठवड्यात जामीन झाला. माझा युक्तिवाद त्या दिवशी पाच मिनिटांचाही नव्हता.

आणखी दोन गोष्टी. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने जपून ठेवावं, निदान वर्षभर तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं आहे. त्या दिवसांचं चित्रण राखून ठेवा, असा अर्ज तू आजच दे. आणि न्यायला आले की वस्तीतल्या बायकांना दगड उचलू देऊ नकोस. राग रास्त आहे, पण सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा अख्ख्या पालावर लागतो आणि भाऊ बाजूलाच राहतो.

प्रश्न : आम्ही वडार. झडतीला आले तेव्हा सासूबाईंचे चांदीचे वाळे, माझी बोरमाळ आणि मुलीचे डूल घेऊन गेले. पावती दाखवा म्हणाले. बोरमाळ माझ्या आईनं लग्नात घातली, तिची पावती मी कुठून आणू? आता आठ महिने झाले.

उत्तर : किती घरांत आजीच्या दागिन्याची पावती असते? दुकानदाराकडे, मास्तरांकडे कुणी मागत नाही. पालातल्या बाईच्या गळ्यात सोनं दिसलं की ते चोरीचंच असणार, हे आधी ठरतं आणि पावती मग मागितली जाते.

जप्ती झाली तेव्हा यादी केली का, तिची प्रत तुम्हाला दिली का, हे बघा. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरण करणं बंधनकारक आहे (कलम १०५). चित्रीकरण नसेल तर तसं अर्जात ठळक लिहा. मग मॅजिस्ट्रेटकडे दागिने ताब्यात मिळण्यासाठी अर्ज करा. खटला चालू असेल तर कलम ४९७ खाली, कोर्टापुढे माल आलाच नसेल तर ५०३ खाली. सुंदरभाई अंबालाल देसाई या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मौल्यवान वस्तू ठाण्यात पडून राहू देऊ नयेत. फोटो काढावेत, पंचनामा करावा, बंधपत्र घ्यावं आणि पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात, द्याव्यात. तुमचे आठ महिने झाले.

मालकीला पावतीच लागते असं नाही. लग्नातला फोटो काढा, कितीही धुरकट असो. एका अशिलाच्या बाबतीत बारशाच्या फोटोत आजीच्या हातातले वाळे दिसत होते, त्यावर काम झालं. ज्या सोनारानं डाग दिला असेल त्याचं, आणि लग्नाला हजर असलेल्या दोघांचं प्रतिज्ञापत्र करा. फिर्यादीनं त्याच्या तक्रारीत जे दागिने सांगितले त्यांचं वर्णन आणि वजन तुमच्या दागिन्यांशी ताडून बघा. बोरमाळेचा तिथे उल्लेखच नाही, असं पुष्कळदा निघतं.

प्रश्न : आम्ही कैकाडी, सोलापूर जिल्हा. माझ्यावर खोटा गुन्हा आहे. विदर्भातला मावसभाऊ म्हणतो अ‍ॅट्रॉसिटी लाव. लागेल का?

उत्तर : त्याला लागू शकेल, तुला नाही. विदर्भात (राजुरा तालुका सोडून) कैकाडी अनुसूचित जातीत आहेत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत, म्हणजे इंग्रजांच्या "गुन्हेगार" यादीतून मोकळ्या झालेल्या जातींत. पैनगंगा ओलांडली की आपलं संरक्षण बदलतं. पारधी अनुसूचित जमातीत असल्यानं त्यांना तो कायदा लागतो, आणि खोटा, त्रास देण्याच्या हेतूनं केलेला फौजदारी खटला हाही त्यात गुन्हा आहे. वडार, रामोशी, कंजारभाट यांना आपल्याकडे तो लागत नाही. तू उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज कर, आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण व राज्य मानवी हक्क आयोग या दोन्हीकडे जा. ही विसंगती दूर करावी ही मागणी जुनी आहे, पण तुझ्या तारखेच्या आधी ती मान्य होणार नाही.

प्रश्न : मी ३१ वर्षं पोलीस खात्यात काढली आणि जमादार म्हणून निवृत्त झालो. तुमचं सदर वाचतो. आपण सगळा दोष पोलिसांवर टाकता. घरफोडी झाली की आम्ही रेकॉर्ड बघायचो आणि रेकॉर्डवर तीच माणसं असायची. जात बघून कोणी जात नाही, अनुभवावरून जातो. वरून साहेबांचा दबाव, खालून गावाचा. मग आम्ही जायचं कुठे?

उत्तर : आदरणीय काका, आपलं पत्र मी दोनदा वाचलं. आपण खरं लिहिलं आहे असं मला वाटतं, म्हणून खरंच उत्तर देते.

आमच्यात चोरी करणारे नाहीत असं मी म्हणणार नाही. अशांचे खटले मी लढले आहे आणि हरलेही आहे. रात्री ज्या घरातलं मंगळसूत्र जातं, म्हाताऱ्या आईच्या डोक्यात कटावणी बसते, त्या घराचा आक्रोश आपण ऐकलेला आहे. तो मी खोटा मानत नाही. मला बोलायचं आहे ते आपण ज्याला रेकॉर्ड म्हणता त्याबद्दल.

ते रेकॉर्ड १८७१ साली सुरू झालं. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, आधी उत्तरेत, १९११ नंतर देशभर. अमुक जमात गुन्हेगार, असं जाहीर झालं की तिच्या प्रत्येक माणसाची नोंद. बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला पास. त्या माणसानं काय केलं हा प्रश्न त्यात नव्हता. पोर तान्हं असतानाच जमात ठरलेली असायची. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसं दिवसभर गिरणीत राबायची आणि रात्री हजेरीला उभी राहायची. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा गेला. म्हणून आम्ही विमुक्त. पुढे १९५९ साली आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जातीचं नाव नाही, माणसाला किती वेळा शिक्षा झाली ते बघायचं आहे. कागदावर फरक मोठा झाला. पण घरफोडीनंतर जीप कुठल्या दिशेला वळवायची, ती दिशा बदलली नाही. पालं तिथेच होती.

पुढचं आपण माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. पालावरून पाच जण उचलायचे, दोघांना दाखवायचे. हातात माणूस आहे तर जुने उकल न झालेले तीन गुन्हेही त्याच्याकडून "उघडकीस" येतात. शेजारच्या ठाण्याचं ट्रान्सफर वॉरंट येतं, म्हणजे हा कैदी आता आमच्याकडे द्या असा हुकूम, मग तिथले दोन. महिनाभरात त्या पोराच्या नावापुढे सहा नोंदी. खटले चालतात, साक्षीदार ओळखत नाहीत, पंच फुटतात, पोरगा सुटतो. आता मला सांगा काका, निर्दोष सुटल्याचं त्या सहा नोंदींपुढे कुणी लिहितं का? माझ्या कपाटात निर्दोष मुक्ततेच्या निकालांच्या नकला आहेत, पिवळ्या पडल्या तरी मी त्या टाकत नाही. त्या माझ्या कपाटात आहेत, ठाण्याच्या वहीत नाहीत. माझ्या एका अशिलावर ११ गुन्हे होते. नऊमध्ये तो निर्दोष, दोन चालू. बाराव्यांदा धरला तेव्हा पेपरात आलं, "अकरा गुन्हे असलेला सराईत जेरबंद." नवा अधिकारी ते वाचतो आणि त्याला अनुभव म्हणतो. रोज एकाच विहिरीत पोहरा टाकला तर तिचंच पाणी वर येणार.

याचा शेवट कुठे होतो ते नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्यात दिसलं. २००३ साली एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना धरलं. खालच्या कोर्टानं फाशी दिली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, त्याच न्यायालयानं फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? जिवंत वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, आणि त्या चौघांवर खटलाच भरला गेला नव्हता. आरोपी भटक्या जमातीतले, अतिशय गरीब मजूर आहेत, त्यांना खोटं गोवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयानं लिहिलं. सहांमधला एक जण घटनेच्या वेळी अठराच्याही आतला होता. प्रत्येकाला पाच लाख भरपाई दिली आणि चुकीचा तपास करणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. सोळा वर्षं गेली, त्यातली कितीतरी फाशीच्या कोठडीत. आणि त्या पाच मृतांना न्याय मिळाला का? चुकीचा माणूस धरला की बरोबर माणूस मोकळा राहतो, हे आपल्यासारख्याला मी काय सांगू.

आपण लिहिता, जात बघून कोणी जात नाही. काही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत "गुन्हेगार जमाती"ची भाषा २०२४ पर्यंत छापलेली होती. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी याचिका केली, तेव्हा ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती भाषा आणि तुरुंगातली जातीनुसार कामाची वाटणी रद्द केली. विमुक्तांना मनमानीनं अटक होऊ नये, अशी ताकीद पोलिसांना त्याच निकालात आहे. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या एका प्रकरणात न्यायालयानं म्हटलं, की मागास समाजातला आहे एवढ्यावरून कुणाचं नाव हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे ठाण्यातल्या सराईतांच्या नोंदीत, यांत्रिकपणे चढवू नये. कुणी जात बघत नसतं तर न्यायालयाला हे सांगायची वेळ आली नसती. आणि आकडा मागाल तर तो मिळत नाही. देशाच्या तुरुंगांची वार्षिक आकडेवारी अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग आणि इतर अशी निघते, विमुक्तांचा वेगळा रकानाच नाही. २०२२ अखेर तुरुंगात असलेल्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, होते. त्यांत आमचे किती, हे त्या पुस्तकातून काढता येत नाही.

"मग आम्ही जायचं कुठे?" हा आपला प्रश्न मी टाळत नाही. घटनास्थळी जायचं. ठसे घ्यायचे, फोनचे मनोरे तपासायचे, चोरीचं सोनं विकत घेणाऱ्याकडे जायचं, घरातल्या माहीतगाराला विचारायचं. याला माणसं लागतात, वेळ लागतो, आणि ठाण्याला दोन्ही मिळत नाही हे मला दिसतं. आपल्यावर वरून आणि खालून येणारा दबाव खरा आहे. पण तो उतरतो कुणावर, तर ज्याच्यासाठी कुणी फोन करणार नाही त्याच्यावर. आपल्या हाताखाली तयार झालेली मुलं आज ठाणे अंमलदार असतील. त्यांच्याशी आपलं बोलणं असेल तर एक विनंती करते. मला येऊन भेटा. माझ्या कपाटातल्या निकालांच्या नकला मी देते, त्यांनी त्या वहीत नोंदवून घ्याव्यात. आपण दोघं बरोबर गेलो तर ते नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न : वडिलांना "दरोड्याच्या तयारीत" म्हणून पकडलं. मिरची पूड, दोरी, कोयता सापडला म्हणे. कोयता ऊसतोडीचा आहे. जामीन मंजूर होऊन दोन महिने झाले, २५ हजारांचा जामीनदार मागितला आहे. आमच्याकडे सातबारा नाही. वडील आतच आहेत.

उत्तर : मिरची पूड, दोरी आणि कोयता ही यादी मी इतक्या पंचनाम्यांत वाचली आहे की डोळे मिटून सांगू शकेन. ऊसतोड्याच्या घरी हे तिन्ही असतातच. खटल्यात तो मुद्दा येईल. आत्ता बाहेर काढायचं बघू.

मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार चालेना. न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. तो निकाल अर्जाला जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या सूचनाही जोडा. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. तुमचे दोन महिने झाले. अधीक्षकांनी कळवलं का, हे लेखी विचारा. रोख रकमेवर सोडण्याची सोय कलम ४९० मध्ये आहे, आणि गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळते. तो अर्जही प्राधिकरणातूनच जातो.

कुणीतरी सांगेल की कलम ४७९ खाली पहिल्याच गुन्ह्यात शिक्षेच्या एक तृतीयांश काळ झाला की सोडतात. खरं आहे, पण एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तर ते कलम लागत नाही. म्हणूनच वडिलांवर आणखी दुसरा गुन्हा "वर्ग" करताहेत का, याच्यावर डोळा ठेवा. तसं काही कळलं तर त्याच दिवशी मला फोन करा.

प्रश्न : मी पारधी समाजातला, पोलीस भरतीची तयारी करतो. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माझ्यावर चॅप्टर केस केली, बंधपत्र लिहून घेतलं. चारित्र्य पडताळणीत ते लिहू की नको? नाही लिहिलं तर कळेल का?

उत्तर : लिही. कळणारच, आणि लपवलं म्हणून नोकरी गेली तर मलाही तुला वाचवता येणार नाही. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं माहिती दडवण्याबद्दल सविस्तर नियम घालून दिले आहेत. खरं सांगितलेल्या उमेदवाराला तिथे जागा आहे.

पण नेमकं लिही. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तनासाठी आधीच घेतलेलं बंधपत्र. ती शिक्षा नव्हे, गुन्हा सिद्ध झाल्याचा निकालही नव्हे. क्रमांक, तारीख, कुठल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे झाली आणि कधी संपली, एवढं लिही. बंद झाल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढून जोड. तुझ्याविरुद्ध पुरावा काय होता ती कागदपत्रंही नकलेसाठी माग. "सणाच्या पार्श्वभूमीवर" याशिवाय त्यात काही नसेल तर तेही आपल्याला उपयोगी आहे.

तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज सोमवारी सकाळी दे, दुपारनंतर तिथे कुणी जागेवर नसतं. पोचपावतीवर तारखेबरोबर वेळही टाकून घे आणि तिचा फोटो मला पाठव. आणि धावण्याचा सराव थांबवू नकोस.